लपवायचं की रुजवायचं

शरीरात बसवायच्या सेन्सरवरचा उत्तम लेप कोणता? ज्याचा शरीराला पत्ताच लागत नाही तो, असं मी कित्येक वर्षं मनापासून मानत आलो. माझी उमेदीची वर्षं त्या एका विचारावर गेली. पॉलिमरचं रसायनशास्त्र हा माझा विषय. पृष्ठभागावर वेगवेगळे रेणू उभे करायचे, त्यावरून रक्तद्रव वाहू द्यायचा, किती प्रथिनं चिकटली ते मोजायचं आणि आकडा शून्याच्या जवळ गेला की काम फत्ते झालं समजायचं, असा तो उद्योग. आज मी तसं मानत नाही. लेपाचं महत्त्व मला कमी वाटू लागलंय असंही नाही, ते वाढलंच आहे. पण लेपाने नेमकं काय करायचं, या प्रश्नावर मी बाजू बदलली आहे. ती का बदलली हे नीट मांडावं, असं बरेच दिवस मनात होतं. माझ्या जुन्या मताचे पुष्कळ लोक अजून या क्षेत्रात आहेत आणि त्यातले काही माझेच विद्यार्थी आहेत.

जुनं मत हवेतून आलेलं नव्हतं. पायात बाभळीचा काटा मोडून राहिला तर काय होतं ते खेड्यात वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. आधी ठणका, मग सूज, आणि काटा निघालाच नाही तर काही आठवड्यांनी त्याच्याभोवती एक घट्ट गाठ. सेन्सरच्या बाबतीत हेच घडतं, फक्त आपल्याला दिसत नाही. त्वचेखाली तार शिरल्याच्या पहिल्या काही सेकंदांत अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन यांसारखी प्रथिनं तिच्यावर येऊन बसतात. पाठोपाठ न्यूट्रोफिल येतात, मग मॅक्रोफेज. मॅक्रोफेजचं काम परकी वस्तू गिळून टाकण्याचं, पण मिलिमीटरभर लांबीची तार त्यांना गिळता येत नाही. तेव्हा त्या तारेवर पसरून बसतात, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि विघटन करणारी विकरं ओततात, एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी बनवतात आणि शेवटी फायब्रोब्लास्टना बोलावून घेतात. त्या कोलॅजनचे धागे विणतात. तीन-चार आठवड्यांत वस्तूभोवती दाट, रक्तवाहिन्यांचा दुष्काळ असलेलं कवच तयार होतं.

पेसमेकरच्या डबीला अशा कवचाने काही बिघडत नाही, उलट ती जागेवर पक्की बसते. पेसमेकर शरीरापासून सीलबंदच हवा असतो. 1958 साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या रुग्णाच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. रूने एल्मक्विस्ट यांनी त्यासाठी सगळं सर्किट बुटाच्या पॉलिशच्या डबीत ठेवून वर एपॉक्सी ओतलं होतं. सर्किट आत, शरीर बाहेर, मधे अभेद्य भिंत. ग्लुकोजच्या सेन्सरला ही चैन नाही. त्याच्यापर्यंत बाहेरची साखर पोचायलाच हवी. लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी 1962 साली जी कल्पना मांडली, तिच्यावर यातले बहुतेक सेन्सर अजून उभे आहेत. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर साखर आणि ऑक्सिजन यांची गाठ घालून देतं, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं किंवा ऑक्सिजन घटतो, आणि ते विजेच्या प्रवाहात मोजता येतं. आता भोवती कवच आलं की साखर उशिरा पोचते, कमी पोचते, ऑक्सिजन तर त्याहून तुटपुंजा पोचतो. आकडा घसरतो किंवा भरकटतो.

मग उपाय उघड वाटतो. साखळी प्रथिनांपासून सुरू होते ना? तर प्रथिनांनाच बसायला जागा देऊ नका. पृष्ठभागावर प्रथिनं कशी वागतात याचा पाया घालणाऱ्यांमध्ये लिओ व्रोमान हे नाव मोठं आहे. रक्तशास्त्रज्ञ, आणि डच भाषेतले नावाजलेले कवीही. त्यांनी दाखवलं की आधी चपळ आणि संख्येने जास्त असलेली प्रथिनं पृष्ठभाग व्यापतात, मग सावकाश येणारी पण जास्त घट्ट धरणारी प्रथिनं त्यांना हटवून स्वतः बसतात. म्हणजे पृष्ठभागावरची वस्ती क्षणोक्षणी बदलत असते. आमच्यासारख्यांना वाटायचं की ही वस्तीच होऊ दिली नाही तर पुढचं सगळं टळेल.

वस्तू न चिकटणारी करायची म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अळवाचं पान येतं. पाणी थेंबाथेंबाने घरंगळून जातं आणि पान कोरडं राहतं. शरीरात नेमकं उलटं लागतं. पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागावर प्रथिनं आनंदाने चिकटतात. त्यांना अडवतो तो पाण्याला इतकं घट्ट धरून ठेवणारा लेप, की पाण्याचा तो थर बाजूला सारून आत येणं प्रथिनाला परवडत नाही. पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे काम करतं, पण शरीरातल्या ऑक्सिडीकरणाने ते कालांतराने झिजतं. त्याच्यापुढचं पाऊल म्हणजे झ्विटरआयॉनिक पॉलिमर. एकाच रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही भार शेजारी शेजारी, एकूण भार शून्य, आणि पाणी मात्र गच्च बांधलेलं. तांबड्या रक्तपेशीच्या बाहेरच्या आवरणावर फॉस्फोकोलिन हा असाच गट असतो. डेनिस चॅपमन यांनी तो कृत्रिम पृष्ठभागांवर आणण्याची दिशा दाखवली आणि जपानमध्ये काझुहिको इशिहारा यांनी त्याचे पॉलिमर चांगले विकसित केले.

2013 साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या शाओयी जियांग यांच्या गटाचा शोधनिबंध आला. झ्विटरआयॉनिक हायड्रोजेलचे तुकडे उंदरांच्या त्वचेखाली ठेवले, आणि निदान तीन महिने त्यांच्याभोवती कवच झालं नाही. तो निबंध मी प्रयोगशाळेत भिंतीवर लावला होता. आमच्या मताला याहून मोठा पुरावा तो काय असणार! त्या निबंधात आणखीही काही लिहिलेलं होतं, त्याकडे पुढे येतो.

पहिली शंका आली ती अगदी साध्या प्रयोगातून, आणि तो प्रयोग काही माझा शोध नव्हता. या क्षेत्रात तो अनेकांनी अनेकदा केलेला आहे. प्राण्याच्या शरीरात सेन्सर काही दिवस चालतो, मग त्याचे आकडे ढासळतात, तो ‘मेला’ असं म्हणून आपण तो बाहेर काढतो. त्यावर चिकटलेलं खरवडून, धुऊन, ज्ञात प्रमाणात साखर घातलेल्या पाण्यात बुडवतो. आणि तो चक्क ठीक चालतो! मी हे स्वतः पाहिलं तेव्हा बीकर समोर, पडद्यावर प्रवाहाची रेघ. साखरेचा एक डोस टाकला की रेघ पायरीने वर चढत होती, दुसरा टाकला की दुसरी पायरी, सरळ, स्वच्छ. आदल्या दिवशी हाच सेन्सर उंदराच्या पाठीत साखर निम्मी दाखवत होता. विकर शाबूत, पडदा शाबूत, तार शाबूत. बिघडलं होतं ते सेन्सरच्या बाहेरचं, एखाद्या मिलिमीटरच्या आतलं जग.

त्या जगाबद्दल मी फारसा विचारच केला नव्हता, कारण माझी सगळी मापं पृष्ठभागापाशी थांबत होती. कनेक्टिकटमधल्या उल्रिके क्लू आणि डोनाल्ड क्रॉयत्झर यांच्या कामाने मला पुढे ढकललं. त्यांचं म्हणणं असं, की सेन्सरभोवती जमलेल्या पेशी नुसत्या भिंत म्हणून उभ्या नसतात, त्या जिवंत असतात आणि खातात. दाह पेटलेल्या जागी मॅक्रोफेज भराभर साखर जाळतात, तार टोचताना सांडलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशीही साखर वापरतात. म्हणजे सेन्सर खोटं बोलतच नाही. त्याच्या शेजारी साखर खरोखर कमी असते, अंगभर मात्र ती भरपूर असते. हे एकदा पटलं की ‘किती प्रथिनं चिकटली’ हा प्रश्न छोटा वाटायला लागतो. भोवती कोणत्या पेशी आहेत, किती भुकेल्या आहेत, आणि त्यांच्यापासून जवळची केशवाहिनी किती अंतरावर आहे, हे मोठे प्रश्न झाले.

केशवाहिनीचा मुद्दा मला पटवला तो एका पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी. आमच्या प्रयोगातल्या ऊतींचे काप त्या वाचून द्यायच्या. एकदा मी दोन नमुने घेऊन त्यांच्याकडे बसलो होतो. एक माझा लाडका, गुळगुळीत, उत्तम झ्विटरआयॉनिक लेपाचा. दुसरा तुलनेसाठी म्हणून ठेवलेला, सच्छिद्र जेलचा. त्याची छिद्रं तीस-चाळीस मायक्रॉनच्या घरातली आणि एकमेकांना जोडलेली होती. सिॲटलच्या बडी रॅटनर यांच्या गटाने या मापाच्या छिद्रांबद्दल पुष्कळ लिहिलं आहे, म्हणून तो नमुना घेतला होता. काप ट्रायक्रोमने रंगवलेले होते, त्यात कोलॅजन निळं दिसतं. माझ्या नमुन्याभोवतीची निळी रेघ बारीक होती, आणि मी तेच बघत होतो. मॅडमनी भिंग बदललं, काच थोडी सरकवली आणि मला म्हणाल्या, “सर, तुमच्या इथे निळं कमी आहे, मान्य. पण लाल कुठे आहे दाखवा बरं.” मी शोधत राहिलो. पातळ रेघेला समांतर धागे, मधे तुरळक पेशी, आणि केशवाहिनी दिसली ती चांगली लांब. मग त्यांनी दुसरा काप लावला. तिथे छिद्राछिद्रांत मॅक्रोफेज भरलेले होते, माझ्या जुन्या हिशेबाने हा नमुना सपशेल नापास. पण छिद्रांच्या तोंडाशी, काही ठिकाणी तर आतसुद्धा, बारीक नळ्यांचे गोल छेद दिसत होते आणि त्यांत तांबड्या पेशी एका ओळीत अडकलेल्या. “इथे वस्ती आहे, पण पाणीपुरवठा पण आहे,” मॅडम म्हणाल्या. मी त्या दिवशी काही बोललो नाही. पण काप परत मागून घेतले आणि पुढे कितीतरी वेळा पाहिले.

यानंतर मी जियांग यांचा तो निबंध पुन्हा वाचायला घेतला. कवच झालं नाही, हे वाक्य मला पाठ होतं. त्याच्याच पुढे लिहिलं होतं की या जेलभोवतीच्या ऊतीत नव्या रक्तवाहिन्या वाढल्या, आणि तिथे आलेले मॅक्रोफेज दाह भडकवणाऱ्या नव्हे तर जखम भरून आणणाऱ्या प्रकारचे होते. म्हणजे तो लेप शरीरापासून लपला नव्हता. शरीराने त्याची दखल घेतली होती, पेशी आल्या होत्या, रक्तवाहिन्या आल्या होत्या. फक्त ती दखल वेगळ्या सुरात होती. ज्या निबंधाच्या जोरावर मी लपण्याचा सिद्धांत सांगत होतो, तोच निबंध शेजार कसा घडतो याची गोष्ट सांगत होता.

डेव्हिड गॉफ यांच्या डुकरांबद्दल इथे लिहिलंच पाहिजे. सॅन डिएगोचे हे संशोधक, त्यांचा 2010 चा निबंध. पूर्णपणे आत बसवलेला ग्लुकोज सेन्सर दोन डुकरांमध्ये अनुक्रमे 222 आणि 520 दिवस चालला. आजही बाजारातले बहुतेक सेन्सर दहा-पंधरा दिवसांत बदलावे लागतात, हे ध्यानात घेतलं की तो आकडा किती मोठा आहे ते कळतं. गॉफ यांचा सेन्सर मोठा होता, चांगली जाड चकती. तिच्याभोवती ऊतीचं आवरण झालं होतं. तरी तो चालला, कारण मुळात आवरण येणार हे धरूनच त्याची आखणी होती. चकतीवर इलेक्ट्रोडच्या जोड्या. जोडीतल्या एकावर विकर, दुसऱ्यावर नाही. पहिला सांगतो की साखर जाळून उरलेला ऑक्सिजन किती, दुसरा सांगतो की मुळात ऑक्सिजन होता किती. दोघांतला फरक म्हणजे साखर. ऑक्सिजन कमी झाला तर दोन्हीकडे कमी होतो आणि फरक फारसा बिघडत नाही. शिवाय ऑक्सिजन सिलिकोनमधून बाजूनेही शिरेल आणि साखर फक्त तोंडातून शिरेल, अशी रचना केली होती. ऊतीत साखरेच्या मानाने ऑक्सिजन कितीतरी पटींनी कमी असतो, त्या अडचणीवर हा तोडगा. हा निबंध आला तेव्हा मी तो चाळून बाजूला ठेवला होता, कारण त्यात माझ्या आवडीचं पृष्ठभागाचं रसायनशास्त्र नव्हतं. आज विद्यार्थ्यांना मी पहिल्या आठवड्यात हाच वाचायला देतो.

एकच पदार्थ वेगवेगळ्या जागी किती वेगळा वागतो, हेही मला उशिरा भिडलं. पीएमएमए घ्या, म्हणजे साधं अॅक्रिलिक. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, आणि हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिलं की ते तिथे शांतपणे पडून राहतात. त्यावरून त्यांनी 1949 साली लंडनमध्ये डोळ्यात बसवायचं पहिलं भिंग याच पदार्थाचं केलं. आपल्याकडे मोतीबिंदूची जी लाखो ऑपरेशनं होतात त्यांची ही सुरुवात. आता हाच पीएमएमए खुब्याच्या सांध्यात सिमेंट म्हणून वापरतात. तो झिजून बारीक कण सुटले की मॅक्रोफेज ते गिळतात, चिडतात, आणि भोवतालचं हाड विरघळायला लागतं. बाटलीवर ‘जैवसुसंगत’ अशी चिठ्ठी लावून पदार्थ विकता येत नाही, असं डेव्हिड विल्यम्स 1980च्या दशकापासून सांगत आले आहेत. त्यांची व्याख्याच मुळी अशी की पदार्थाने विशिष्ट कामात, त्या कामाला साजेसा प्रतिसाद शरीराकडून मिळवत आपलं काम करावं. ही व्याख्या मी वर्गात शिकवत होतो. पण तीत ‘विशिष्ट काम’ हे शब्द किती वजनाचे आहेत ते मला काच सरकवल्यानंतर कळलं.

फुप्फुसाच्या धमनीत बसवायचा कार्डिओमेम्स हा दाबाचा सेन्सर बघा. अमेरिकेत 2014 साली त्याला मान्यता मिळाली. सिलिकोनचं आवरण असलेली छोटी काचेची कुपी, बॅटरी नाही, दोन टोकांना तारेच्या कड्या. त्याच्यावर रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींचा पातळ पापुद्रा चढतो, आणि तो चढायलाच हवा, कारण मग रक्त गोठण्याचा धोका ओसरतो. पातळ पापुद्र्यातून दाब तसाच पोचतो. तिथे ऊतीने सेन्सरला आपलंसं करणं हेच यश आहे. साखरेचा सेन्सर एवढा सुदैवी नाही, पण दिशा तीच.

औषध सोडणाऱ्या लेपांबद्दल माझं मत अजून पक्कं व्हायचंय, तरी सांगतो. पेसमेकरच्या तारेच्या टोकाशी डेक्सामेथासोन ठेवण्याची रीत 1980च्या दशकात आली आणि ती उत्तम ठरली. साखरेच्या सेन्सरमध्ये एव्हरसेन्स या दंडात त्वचेखाली बसवायच्या सेन्सरने ती उचलली. साधारण अठरा मिलिमीटर लांब, साडेतीन मिलिमीटर जाड कांडी, बाहेर पीएमएमए, त्यावर साखरेशी जोडला गेला की चमकणारा रेणू धरून ठेवणारं हायड्रोजेल, आणि एका बाजूला हळूहळू डेक्सामेथासोन सोडणारं सिलिकोनचं कडं. 2018 मध्ये अमेरिकेत 90 दिवसांसाठी मान्यता, 2022 मध्ये 180 दिवस, 2024 मध्ये वर्षभर. ही मुदत औषधानेच वाढली असं मी पूर्वी म्हणालो असतो. पण त्यात आणखी एक गोष्ट झाली. मॅक्रोफेज जे पेरॉक्साइड ओततात, त्याने चमकणाऱ्या रेणूतला बोरॉनिक आम्लाचा भाग झिजतो. मुदत वाढवताना जेलमध्ये आणखी एक बोरॉनिक आम्ल घातलं गेलं, ज्याचं कामच आधी झिजण्याचं. हल्ला होणार हे गृहीत धरून केलेली ही तजवीज मला फार भावली. पेशींना दूर ठेवण्याचा अट्टहास नाही, त्या येतील तेव्हा काय करतील याचा विचार आहे.

स्टेरॉइडबद्दलची माझी काळजी वेगळी. डेक्सामेथासोन दाह शमवतं, पण नव्या रक्तवाहिन्या येण्याचा जो संदेश ऊती देते, तोही दाबतं. आणि साठा संपला की थोपवून धरलेली सगळी प्रतिक्रिया उशिरा का होईना सुरू होते. पेसमेकरच्या टोकाला रक्तपुरवठ्याची फिकीर नाही, साखरेच्या सेन्सरला ती पहिली आहे. म्हणून दाह शमवणारं आणि रक्तवाहिन्या वाढवणारं अशी दोन औषधं एकत्र द्यायचे प्रयोग झाले, आणि त्यातल्या वेळेच्या गणिताने सगळ्यांनाच दमवलं.

लेपाला हात न लावता होणारा बिघाडही असतो. माझ्या मित्राच्या मुलीला टाइप-1 मधुमेह आहे, दंडावर सेन्सर असतो. ती मला म्हणाली, “काका, तुम्ही लोक एवढं शोधता, तर मग मी कुशीवर झोपले की हे का ओरडतं?” मध्यरात्री गजर होतो, साखर 54 दाखवतो, आई धावत येते, बोट टोचून बघते तर 110. कूस बदलली की थोड्या वेळात आकडा आपोआप वर येतो. कारण साधं आहे. दंडावर भार पडला की त्या जागच्या केशवाहिन्या दबतात, ताजी साखर येणं थांबतं, आणि सेन्सर तेवढ्या चिमूटभर जागेचं खरं सांगतो. जगातला सर्वांत गुळगुळीत लेप लावला तरी तिची झोपमोड टळणार नाही. सेन्सरची जागा, त्याचा कडकपणा, ऊतीत होणारी त्याची बारीक हालचाल, हे सगळं त्या मुलीच्या रात्रीशी थेट जोडलेलं आहे. आपल्या देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असं आयसीएमआरच्या 2023 मध्ये आलेल्या पाहणीत दिसलं. त्यातल्या ज्यांना इन्शुलिनचे डोस आकडा बघून ठरवायचे असतात त्यांच्यासाठी खोटा 54 म्हणजे नको असताना खाल्लेली साखर, आणि खोटा 110 तर त्याहून भयंकर.

माझ्या नव्या मताच्या विरुद्ध जाणारा पुरावाही आहे आणि तो भक्कम आहे. 2018 साली अमेरिकेतल्या एका गटाने साखरेच्या सेन्सरवर झ्विटरआयॉनिक लेप दिला आणि उंदीर व माकडं या दोघांमध्ये सुरुवातीच्या दिवसांतला आकड्यांचा गोंधळ कमी झाला, तोही सेन्सर पुन्हा पुन्हा जुळवून न घेता. पहिल्या दिवसातली जखम ताजी असते, प्रथिनं आणि रक्त भोवती असतं, तिथे न चिकटणारा लेप खरंच कामाला येतो. म्हणून मी तो टाकून द्या म्हणत नाही. दहा-चौदा दिवसांच्या सेन्सरसाठी तो बहुधा पुरेसाही असेल. माझं भांडण आहे ते वर्षभराच्या सेन्सरसाठीही तेच माप लावण्याशी.

माप बदलायला हवं, हे माझं आताचं म्हणणं आहे. कुणी नवा लेप घेऊन आला की मी आता प्रथिनांचा आकडा शेवटी बघतो. आधी विचारतो, ज्या प्राण्याच्या शरीरात सेन्सरने आकडे दिले, त्याच सेन्सरभोवतीचा काप आहे का? आकडे एका उंदराचे आणि काप दुसऱ्याचा, असं बऱ्याचदा असतं, आणि मग कवच जाड असूनही सेन्सर का चालला, किंवा पातळ असून का बंद पडला, ते कधीच कळत नाही. दुसरा प्रश्न, डुकरात बघितलंय का? उंदराची कातडी सैल, ती आकसून जखम भरते. आपली तशी भरत नाही, डुकराची आपल्या जवळची. डुकरं सांभाळणं महाग आहे आणि त्यासाठी निधी मागितला की परीक्षक नाराज होतात, हे मला माहीत आहे. मीही परीक्षक म्हणून कधीकाळी असा खर्च कापायला सांगितला असता. आता मी तो वाढवायला सांगतो. तिसरा प्रश्न, केशवाहिनी किती मायक्रॉनवर आहे, ते मोजलंय का? हा आकडा निबंधांच्या तक्त्यांत फार क्वचित दिसतो.

सध्या आम्ही सच्छिद्र थर आणि झ्विटरआयॉनिक पॉलिमर असं दोन्ही एकत्र आणून बघतोय, आणि वाद चाललाय तो जाडीवर. पेशींना आत शिरायला तीस-चाळीस मायक्रॉनची छिद्रं हवीत, म्हणजे थर निदान अशा काही छिद्रांएवढा जाड हवा. पण साखरेला थर पार करायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो, जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट. माझी विद्यार्थिनी म्हणते, “सर, एवढा उशीर झाला तर जेवणानंतरचा चढ आपल्याला दिसणारच नाही.” तिचं बरोबर आहे, थर रिकामा असेल तर. रक्तवाहिनी छिद्रांच्या आत आली तर मात्र साखरेला बाहेरच्या कडेपासून यायचंच नसतं, ती आतूनच निघते, आणि मग मोजायचं अंतर उरतं ते वाहिनीपासून इलेक्ट्रोडपर्यंतचं. ते अंतर किती होतं आणि कितव्या आठवड्यापासून होतं, हे आता ती मोजते आहे.